सांगितलेलं परत म्हणा

एक पेटी दुसऱ्या पेटीला दर मिनिटाला विचारते, आहेस का? दुसरी म्हणते, आहे. बस, एवढंच. सण नाही, सुट्टी नाही, बोलायला माणूस असो वा नसो, यांचं आपलं चालूच. मी हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा डबा उघडून बसले होते. भाकरी हातातच राहिली.

माझं काम याच पेट्यांचं. मिलमध्ये, ऑफिसात आता इंटरनेटवरून चालणारे फोन असतात. त्यांचं एक्स्चेंज म्हणजे वहीएवढी पेटी. एका मालकाच्या तीन जागा असतील तर तीन पेट्या, एकमेकींना जोडलेल्या. हे जोड धड आहेत का ते तपासायचं आणि फॉर्मवर ओके लिहायचं. हे मला कोणत्या कॉलेजने शिकवलं नाही. गोडादऱ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाच वर्षं बसले, तिथे भंगारात आलेली एक पेटी घरी नेली, उघडली, बिघडवली, परत जोडली. ज्यांना कॉलेजने शिकवलं ते आज माझे साहेब आहेत. असो.

या मिलचं नाव सांगत नाही, त्यात कामाचं काही नाही. तिच्या तीन जागा. उधन्याला कापड रंगवायचं युनिट, तिथेच बॉयलर. रिंगरोडच्या मार्केटात ऑफिस. आणि पांडेसऱ्याला मोठं युनिट, तिथे सेफ्टी रूम: चोवीस तास माणूस, आगीचा बंब, भिंतीवर नकाशे.

उधन्याहून पांडेसरा सायकलने जाता येईल एवढं. पण दोन्हीकडचं इंटरनेट वेगवेगळ्या कंपन्यांचं, म्हणून उधन्यातून निघालेला शब्द आधी मुंबईला जातो, तिथे एका कंपनीच्या हातातून दुसरीच्या हातात पडतो, आणि मग पांडेसऱ्याला येतो. मी एक एक टप्पा शोधून काढला तेव्हा मला खोटंच वाटलं. चार वेळा तपासलं. जाऊन येऊन चौदा मिलीसेकंद. माणसाची पापणी एकदा लवायला याच्या दहापट वेळ घेते. आमचे लोक नंदुरबारला जायला पॅसेंजरमध्ये चार-पाच तास उभे राहतात, आणि इथे 'आहेस का' मुंबई शिवून येतं आणि कोणाला पत्ताही नाही. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग तेनावर बशीसन गावले जाता येई का?" नाही येत, आई.

तर त्या गुरुवारी मी पांडेसऱ्याच्या सेफ्टी रूममध्ये होते. सोबत निखिलसर, आमच्या कंपनीचे इंजिनिअर, पुण्याचे, शर्टाला कायम इस्त्री. समोर वंदना मॅडम, मिलच्या सेफ्टी ऑफिसर. मूळच्या नाशिकच्या, रुमाल नाकाला, सर्दीने हैराण. फॉर्म टेबलावर.

"बॉयलरघराची लाइन तेवढी राहिली," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी जुनी घंटा काढतोय."

ती घंटा म्हणजे बॉयलरघरातून गेटपर्यंत ओढलेली एक तार. इकडे बटण दाबलं की तिकडे घंटा वाजते आणि गेटवरचा माणूस धावतो. अडाणी वस्तू, पण वीस वर्षं चाललेली. ती शनिवारी जाणार. मग बॉयलरघरात काही झालं तर तिथे एकच आधार राहणार, हा नवा फोन. उचलला की पांडेसऱ्यात वाजतो आणि सेफ्टी रूम सांगते काय करायचं: हा वॉल्व बंद करा, त्या दाराने निघा.

"लाइन ओकेच आहे, मॅडम," निखिलसर म्हणाले. "महिन्यात तीनदा टेस्ट केली. हे बघा, हिरवं. चौदा मिलीसेकंद. जयश्री, एकदा लाव आणि सही करून टाक."

मी लावला. तिकडून उचललं गेलं. मागे बॉयलरचा घुमारा, आणि त्यातून ओळखीचा आवाज.

"हां, बराबर. आवाज बराबर आता है."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

ते दगानाना होते. बॉयलरघरातले हेल्पर. त्याआधी एकतीस वर्षं लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर. नवागामला आमच्या खोलीची आणि त्यांची भिंत एकच. मला माहीत होतं ते तिथे लागलेत, त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईनेच पेढा दिला होता.

"नाना, मी जयू," मी म्हणाले. "सात नंबर बंद."

दुसऱ्या कोणाला यात काही कळणार नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांचा डबा घेऊन लूमच्या शेडमध्ये जायची. आत गेलं की कानावर दगड पडायला लागतात. दीडशे लूम एकाच वेळी. तिथे माणसं ओठ बघून बोलतात, हाताने बोलतात, आणि एक नियम पाळतात: सांगितलेलं परत म्हणायचं. 'सात नंबर बंद' असं कोणी ओरडलं की ऐकणाऱ्याने 'सात नंबर बंद' असंच ओरडायचं. नुसती मान हलवायची नाही, हां म्हणायचं नाही. कारण एकदा एका कारीगराने न ऐकताच हां म्हटलं आणि लूम चालू केली, आणि आत दुसऱ्याचा हात होता. तीन बोटं गेली. मी एकदा नानांना नुसतं हां म्हटलं तर त्यांनी माझा कान धरला होता. "हां नको म्हनू. हां तर बहिरा बी म्हनस!" तेव्हापासून आमचा खेळ होता. नाना भिंतीपलीकडून ओरडायचे, सात नंबर बंद! मी इकडून ओरडायची, सात नंबर बंद! आई म्हणायची, येड लागनं दोन्हीसले.

आता फोनमध्ये नाना म्हणाले, "हां, बराबर. एकदम बराबर."

आणि फोन ठेवला.

"झालं?" निखिलसरांनी पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. मला वाटलं, गेले. नानांचे कान गेले. धुरपदाबाई कधीपासून म्हणत होती, यास्ना कान लूमनी खाई टाकात, मी समोर उभी राहून बोलते तेव्हा कळतं. आता फोन कानाला लावूनही ऐकू येत नाही. आणि हे मी इथे बोलले तर उद्या नाना घरी. साठीला आलेला माणूस, लूमवर कोणी घेत नाही, एवढी एक जागा मिळाली.

मी खरं सांगते, मी ओके लिहायलाच निघाले होते. 'ओ' काढलासुद्धा. मग मनात आलं, शनिवारी घंटा जाणार. सोमवारी काही झालं, मॅडम ओरडल्या 'मागच्या दाराने पळा', आणि नाना म्हणाले 'हां, बराबर'. आणि तिथेच उभे राहिले.

"मी उधन्याला जाऊन येते," मी म्हणाले.

"कशाला?" निखिलसर. "पेटी काय म्हणते ते दिसतंय ना?"

"माणूस काय म्हणतो ते बघते."

"तुझी नाटकं," ते म्हणाले. मॅडम शिंकल्या. मी निघाले.

उधन्याच्या बॉयलरघरात उभं राहिलं की पाठीला घाम आणि दाताखाली कोळशाची कचकच. नाना कोपऱ्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसले होते. भिंतीवर नवा फोन, त्यावर लाल दिवा, कारण इथे घंटी ऐकू येण्यासारखी नाही. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"जयू! तू आठे कशी?"

मी केबिनचं दार लावलं, त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ दिसतील असं बोलले. "नाना, मघाशी फोन कोणी केला होता?"

"सायबनी."

"मी केला होता."

त्यांचा चेहरा पडला. मी खिशातून मोबाइल काढला, निखिलसरांना लावला. "सर, तिकडून बॉयलरघरात फोन लावा आणि एक ते वीस मोजा."

"जयश्री, मला दुसरी कामं आहेत."

"वीसपर्यंतच मोजायचंय, सर."

लाल दिवा लागला. मी फोन उचलून उजव्या कानाला लावला, मोबाइल डाव्या कानाला. डाव्या कानात निखिलसर मोजायला लागले. एक, दोन, तीन. जिवावर आल्यासारखे. चार, पाच, सहा.

उजव्या कानात काही नाही.

सात, आठ, नऊ. मी फोन कानावर दाबला. शांत खोलीतसुद्धा काहीतरी असतं, पंखा असतो, श्वास असतो. इथे काहीच नव्हतं. विहिरीत तोंड घालून हाक मारावी आणि विहिरीने ती गिळून टाकावी, तसं. बारा, तेरा.

माझे कान सव्वीस वर्षांचे आहेत. मी लूमवर काम केलेलं नाही.

"सर, थांबा," मी म्हणाले. "मला काहीच ऐकू येत नाहीये."

"मला तर तुझं येतंय! बॉयलरसकट!"

"तेच तर."

फोन ठेवला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हाताने सांगितलं, जसं शेडमध्ये सांगतात: माझा कान, फोन, शून्य.

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते खुर्चीवर बसले, अगदी हळू, आणि म्हणाले, "तुले बी नही?"

"नाही, नाना. कोणालाच येणार नाही. लाइन मेलेली आहे."

"माले वाटनं मनाच कान ग्यात." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकतीस वरीस लूमवर काढात. रोज थोडा थोडा जातस कान. मी म्हनं, आते फोनमधलं बी गयं."

"मग हां कशाला म्हणालात? तीन वेळा? तुम्ही? माझा कान धरला होता तुम्ही!"

ते हसले नाहीत. "दिवा लागना का मी उचलस. जरासं थांबस. मंग म्हनस, हां, बराबर. दुसरं काय इचारतीन त्या? आवाज येतो का, हेच ना? नही म्हनतू तं गेटबाहेर." मग आवाज बारीक करून, "कोणले सांगू नको, माय."

म्हणजे बघा. एका म्हाताऱ्याला आपल्या कानांची एवढी लाज आणि एवढी भीती, की मेलेली लाइन त्याने तीनदा पास केली. आणि एका इंजिनिअरला आपल्या हिरव्या दिव्यावर एवढा विश्वास, की त्याने 'आवाज येतो का' यापलीकडे एक शब्द विचारला नाही. 'आज कोणता वार' एवढं विचारलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. पण हेल्परला वार कोण विचारतो?

"नाना, गेटवरून फोन येतो तेव्हा ऐकू येतं?"

"गेटवरतून फोन कोन करस? पोऱ्या धाडतस."

बरोबर. महिनाभरात त्या फोनवर टेस्टशिवाय कोणी बोललंच नव्हतं.

मी लॅपटॉप त्यांच्या स्टुलावर ठेवला. आवाज तारेतून जसाच्या तसा जात नाही. त्याचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्यावर नंबर, प्रत्येकावर पत्ता. सगळे सुटे सुटे निघतात, मुंबई शिवतात, आणि पलीकडे नंबर बघून परत ओळीत लागतात. एवढ्या वेगात, की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस शेजारी बसलाय. हे मी हजार वेळा पाहिलंय आणि हजार वेळा माझ्या अंगावर काटा आलाय. मी निखिलसरांना परत फोन लावायला सांगितलं, नानांना उचलून नेहमीचं 'हां, बराबर' म्हणायला लावलं, एक मिनिट चालू ठेवला, आणि तुकडे मोजले. नानांच्या फोनमधून निघालेले तुकडे, तीन हजार. नानांच्या फोनकडे आलेले, शून्य.

एकही नाही.

नानांना पडदा दाखवला. वरच्या पट्टीत त्यांच्या आवाजाच्या टेकड्या, खाली सपाट रेघ.

"हाई मी शे?" त्यांनी टेकडीवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही. ही 'हां', ही 'बराबर'."

ते बोट उचलेचनात. "आनि मुंबईले जास हाई? मनं बराबर?"

"मुंबईहून पांडेसऱ्याला. बोट उचलायच्या आत."

"माले तं मुंबई कधी दखावनी नही," नाना म्हणाले. "आनि मनं बराबर जाई येस."

खोट कुठे होती ती मला आता दिसत होती. बॉयलरघर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिथे नंतर एक वेगळा छोटा राउटर बसवलेला. पेट्या काय करतात, दोन फोनांची गाठ घालून देतात आणि बाजूला होतात. आता तुम्हीच बोला म्हणतात. मग पांडेसऱ्याचा फोन नानांच्या फोनला पत्ता विचारतो, आणि नानांचा फोन भोळा, तो आपल्या छोट्या राउटरमधला आतला पत्ता सांगतो. नवागामला पत्र पाठवताना पाकिटावर नुसतं 'खोली नंबर सात' लिहावं तसं. कोणती गल्ली, कोणतं गाव, काही नाही. ते पत्र कुठे जाणार? पांडेसऱ्याहून निघालेले सगळे तुकडे असेच वाऱ्यावर जात होते. नानांचे मात्र पोचत होते, कारण पांडेसऱ्याचा पत्ता पूर्ण होता. आणि पेट्या? त्या आपल्या मजेत. आहेस का? आहे. त्या खरंच होत्या. खोटं काही बोलत नव्हत्या. आवाज पोचतो का, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मी मोबाइलवर निखिलसरांना सांगितलं. ते म्हणाले, "तो म्हातारा बहिरा आहे, त्याने तीनदा ओके दिलं. हे माझ्यावर कसं येतं?"

ते जोरात म्हणाले. आणि ते सेफ्टी रूममध्ये बसले होते.

मॅडमनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतलेला मला ऐकू आला. "जयश्री, कोण बहिरा आहे?"

नाना माझ्या ओठांकडे बघत होते. मी तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यापासून ओठ लपवले.

"मॅडम, लाइन मेलेली होती. मला पण आलं नाही. कोणालाच आलं नसतं."

"ते कळलं. मी माणसाचं विचारतेय."

"लूमवर होते. लूमवर राहिलेल्या कोणाचे कान धड असतात, तुम्ही सांगा मला. उधन्यातला एक आणून दाखवा."

"माझ्यावर ओरडू नकोस." त्या नाक पुसत होत्या, पण शब्द सावकाश, एक एक. "लाइन दुरुस्त कर. मग मी स्वतः बोलणार त्यांच्याशी. फोनवर ऐकू येत नसेल तर मला त्यांना बॉयलरवर ठेवता येणार नाही. उद्यापासून नाही. त्यांच्याच जिवासाठी."

वाईट याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. चुकीच्या माणसावर चिडता येतं. बरोबर माणसावर चिडून काय करणार? पण मी चिडले. ते कान या शहराने खाल्ले होते, याच कापडासाठी, आणि आता त्याच कानांची परीक्षा.

"पासवर्ड सांगा, सर," मी निखिलसरांना म्हणाले. तिन्ही पेट्यांचा त्यांच्याकडेच होता, मला दिलेला नव्हता. त्यांनी सांगितला. मी एक एक अक्षर परत म्हणत गेले. दोनदा ते स्वतःच चुकले.

दुरुस्ती एका शब्दाची. पेटीत एक ओळ असते: फोनांना थेट बोलू द्यायचं का? तिथे 'हो' होतं. मी 'नाही' केलं. म्हणजे आता पेटीने गाठ घालून बाजूला व्हायचं नाही, मध्ये उभं राहायचं. इकडचा तुकडा आपल्या हाताने घ्यायचा आणि तिकडे आपल्या हाताने द्यायचा. पेटीला नानांपर्यंतचा रस्ता माहीत होताच, दर मिनिटाला ती त्यांच्या फोनला विचारतच होती, आहेस का.

उधना, मार्केट, पांडेसरा. तिन्हीकडे 'नाही'.

मग मी नानांकडे वळले आणि त्यांना सगळं सांगितलं. लपवलेलंही. मॅडम काय म्हणाल्या तेही.

नानांनी टोपी घातली. उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

लाल दिवा लागला.

मी लॅपटॉपवर बघत होते. नानांनी फोन उचलला, कानाला लावला, वरून तळहात दाबला. खालच्या पट्टीत सपाट रेघ होती. मग तुकडे आले. पन्नास, शंभर, दीडशे. रेघ उठली. टेकडी झाली, डोंगर झाला. मॅडम बोलत होत्या, हे मला दिसत होतं. काय बोलत होत्या ते नाही. ते फक्त त्या एका कानात जात होतं, त्या खाल्लेल्या कानात, आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

डोंगर संपला. रेघ परत सपाट.

नानांचा तळहात फोनवर तसाच.

बाहेर कोळशाची गाडी रिकामी होत होती. मी मनात म्हणत होते, हां म्हणू नका. काहीही म्हणा, नाना, हां म्हणू नका.

"तीन नंबरचा वॉल्व बंद," नाना म्हणाले. शेडमधल्यासारखं, छातीतून. "कोळसा थांबवायचा. मागच्या दरवाजाने निघायचं. लिंबाच्या झाडाखाली उभं राहायचं. माणसांची मोजणी झाल्याशिवाय हलायचं नाही."

मोबाइलवर निखिलसर तिकडूनच हळूच म्हणाले, "अक्षरशः तेच. शब्दन् शब्द."

मी खाली बसले. कोळशाची भुकटी, मळकी फरशी, कशाचीच पर्वा केली नाही.

आणि नाना फोन ठेवेनात. त्यांनी फोन कानापासून लांब केला, बघितला, परत लावला. डोळे मोठे झाले होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने जगाचं बोलणं ओठांवरून वाचलं, त्याच्या कानाला चिकटून, मधे ना लूम ना पंखा, कोणीतरी बोललं होतं. त्याला बघायला ओठ नव्हते. तरी कळलं होतं. मी ज्या तुकड्यांवर रोज भाळते, ते त्यांच्या डोक्यात जाऊन ओळीत लागले होते.

नानांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाईना आवाज बसेल शे. सर्दी व्हयनी का तिले?"

हात ठेवलेला असला तरी बॉयलरघरातल्या माणसाचं हळू बोलणं म्हणजे इतरांचं ओरडणं. पांडेसऱ्यात ते गेलं. मॅडम जोरात हसल्या आणि हसता हसता शिंकल्या. ती शिंक मी पडद्यावर बघितली. असा सुळका मी कधी पाहिला नव्हता. नानांनी फोन झटकन कानावेगळा केला आणि म्हणाले, "अरे बाप रे!"

शनिवारी घंटा निघाली नाही. मॅडमनी महिनाभर दोन्ही चालू ठेवायला सांगितलं. नानांना कान तपासायला पाठवलं, नियमाने पाठवावंच लागतं. डॉक्टरने लिहिलं, लांबचं आणि बारीक आवाजाचं ऐकू येत नाही, फोन कानाला लावला तर कामापुरतं येतं. मॅडमनी तो कागद फाइलमध्ये लावला, फोनचा आवाज दोन घरं वाढवायला लावला, दिवा मोठा बसवायला लावला, आणि नानांना ठेवलं. मला कोणी शाबासकी दिली नाही. निखिलसरांनी फॉर्म मात्र बदलला. आता त्यात ओकेची चौकोनी जागा नाही. तिथे लिहिलंय: पलीकडच्याने काय परत म्हटलं ते शब्दशः लिहा. ओळ माझी आहे. खाली सही त्यांची आहे.

आणि रोज सकाळी आठला, पाळी बदलली की सेफ्टी रूममधून बॉयलरघरात फोन जातो. रोज नवीन वाक्य. नाना परत म्हणतात. पुढे पुढे ते म्हणायला लागले, लांब सांगा, हे तर पोरांचं झालं.

तिसऱ्या आठवड्यात मी पांडेसऱ्यालाच होते. मॅडमनी वाक्य सांगितलं, नानांनी परत म्हटलं. मॅडम फोन ठेवणार, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"थांबा, मॅडम. आता मी सांगतो. तुम्ही म्हणा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"बॉयलरघराच्या मागच्या दरवाजाला," नाना म्हणाले, सावकाश, जसं लहान पोराला शिकवावं, "बाहेरून कुलूप असतं. दीड वर्ष झालं. चावी मुकादमच्या घरी असते."

भिंतीवरच्या नकाशात त्या दारावर हिरवा बाण काढलेला होता. मॅडम रोज त्याच दाराने निघायला सांगत होत्या.

"हां..." मॅडमच्या तोंडून निघालं.

"हां नको, मॅडम," नाना म्हणाले. "सांगितलेलं परत म्हणा."

मॅडमनी पेन उचललं, फॉर्म पुढे ओढला. लिहिता लिहिता त्यांनी एक एक शब्द म्हणायला सुरुवात केली, आणि पडद्यावर तुकडे निघाले, सेकंदाला पन्नास, मुंबईमार्गे उधन्याकडे.

"बॉयलरघराच्या मागच्या दरवाजाला बाहेरून कुलूप असतं."

"दीड वर्ष झालं," नानांनी आठवण करून दिली.

"दीड वर्ष झालं," मॅडम म्हणाल्या.